आधण किती? : गुळाच्या पेपरची वही

१२ जून
१२०व्या दिवसाचं शेवटचं रीडिंग परवा संपलं. उरलेले गुळाचे रवे (ढेपा) पावसाळी हवेनं पाझरायला लागलेत, नुसता हात ठेवला तरी बोटं चिकटतात. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, संशोधनाच्या पेपरसाठी वेगळी वही कर, प्रयोगाच्या वहीत हे घुसडू नको. म्हणून ही वही.

विषय एका वाक्यात लिहून ठेवते, नंतर भरकटायला होतं. उसाचा रस साफ करायला रानभेंडी (हिच्या खोडाच्या चिकट द्रवात मळी अडकते) वापरली आणि हायड्रॉस वापरला, तर चार महिने साठवल्यावर गुळाचा रंग, ओलावा आणि रेड्युसिंग शुगर (ग्लुकोज-फ्रुक्टोज) यांत काय फरक पडतो. बस्स. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, थोडा पडला की काळपटपणा जातो, रवा पिवळाधमक निघतो आणि सौद्यात पिवळ्याला भाव मिळतो. ठेवला की तोच गूळ पुन्हा काळवंडतो, हे मार्केट यार्डातल्या कुठल्याही अडत्याला ठाऊक आहे. आम्ही ते मोजलं, एवढंच.

लिहायचा क्रम मॅडमचा: आधी आकृत्या, मग पद्धती, मग निष्कर्ष आणि चर्चा, त्यानंतर प्रस्तावना, सारांश सगळ्यात शेवटी. मी प्रस्तावनेपासून सुरुवात करून बसले होते. 'कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले' इथपर्यंत झोकात आले आणि थांबले.

१७ जून
जर्नल निवडणे. सकाळपासून तेच.

मेलबॉक्समध्ये दोन निमंत्रणं. 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे'ने सुरू होणारी. एकाच अंकात स्थापत्य अभियांत्रिकी, आयुर्वेद, वाणिज्य आणि गूळ. तीन दिवसांत परीक्षण, फी भरली की लगेच प्रमाणपत्र. तीन दिवसांत आमच्याकडे ओलाव्याचं एक रीडिंग निघत नाही.

पूर्वी यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बघायची आणि मोकळं व्हायचं. ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. बील नावाच्या ग्रंथपालाची फसव्या प्रकाशकांची यादी तर २०१७ च्या जानेवारीतच गेली. आता आपणच बघायचं. मॅडमची पद्धत साधी आहे. संपादक मंडळातली चार नावं घ्यायची आणि त्या माणसांच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर ह्या जर्नलचा उल्लेख आहे का ते पाहायचं. मग मागच्या दोन वर्षांतले आपल्या विषयाचे लेख काढून वाचायचे. वाचून लाज वाटली नाही तर पुढे जायचं.

एक अन्नविज्ञानाचं जर्नल ठरलं. लेखकाकडून पैसे घेत नाही, वाचक वर्गणी भरतो. सगळ्यांना खुला ठेवायचा तर शुल्क आहे, आणि ते आमच्या प्रकल्पात वर्षभराच्या रसायनांना मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त आहे. राहू दे.

२४ जून
आकृत्या पाच. रंगाचा आलेख सुरेख आलाय. हायड्रॉसची रेघ पहिल्या दिवशी खाली, साठाव्या दिवसापर्यंत चढत जाऊन रानभेंडीच्या रेघेला गाठते. त्रुटिदांड्या (आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते दाखवणाऱ्या रेघा) इतक्या लहान की ठिपक्याच्या आत लपतात. रेड्युसिंग शुगरच्या आलेखावर तीन-तीन चांदण्या, म्हणजे फरक योगायोगाचा नाही याची खूण. कॉलेजच्या कँटीनमध्ये सगळ्यांना मोबाइलवर दाखवला. हुरूप आला होता, खोटं कशाला बोलू.

१ जुलै
पद्धती लिहायला घेतल्या. वाटलं होतं दोन तासांचं काम आहे. केलेलंच तर लिहायचंय.

पहिली ठेच रेड्युसिंग शुगरला. ती मोजायला डीएनएस नावाचं रसायन घालून येणारा रंग बघतात, आणि आम्ही सगळे 'डीएनएस पद्धत, मिलर १९५९' असं लिहितो. सगळे म्हणजे आमच्या लॅबमधून आजवर गेलेले सगळे. मूळ लेख कुणीच वाचलेला नव्हता, मीही. आज काढला. जेमतेम तीन पानांचा आहे. रोशेल सॉल्ट हा क्षार अभिकर्मकातच (त्या मिश्रणातच) असला की त्यातल्या सल्फाइटच्या संरक्षक कामात व्यत्यय आणतो, पण आलेला रंग टिकायला तो लागतोच. म्हणून मिलर सुचवतो की तो अभिकर्मकातून काढा आणि रंग आल्यानंतर घाला. आमच्या बाटलीत तो आधीपासूनच मिसळलेला असतो. कुठल्या तरी सीनियरनं कधी तरी सोय म्हणून केलं असणार, आणि लेबल बघून पुढच्यांनी तेच चालवलं.

निकाल बिघडलेत का? प्रमाणरेषा काढताना ग्लुकोजच्या नमुन्यांनाही तोच अभिकर्मक वापरलाय, त्यामुळे तुलना टिकते. पण 'मिलरप्रमाणे' असं लिहिता येणार नाही. 'मिलरच्या पद्धतीत बदल करून' असं लिहिलं आणि बदल कोणता तेही लिहिलं.

ओलाव्याचं नीट होतं. व्हॅक्युम ओव्हनमध्ये ७० अंशांना. नेहमीच्या ओव्हनच्या तापमानाला फ्रुक्टोज मोडतं आणि पाण्यासोबत तेही वजनातून जातं. सल्फर डायऑक्साइड मॉनियर-विल्यम्स पद्धतीने: आम्ल घालून उकळायचं, निघालेला वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पकडायचा, त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, ते कॉस्टिकने टायट्रेट करायचं. हे लिहायला वीस मिनिटं पुरली.

मग वाक्य आलं: 'प्रत्येक पद्धतीचे एकूण ___ नमुने घेण्यात आले.' रिकामी जागा भरायला प्रयोगाची वही उघडली. तिथेच रात्र झाली.

३ जुलै
मोजणी पुन्हा.

गुऱ्हाळं ३. प्रत्येक गुऱ्हाळात दोन पद्धती, प्रत्येक पद्धतीची २ आधणं (एक आधण म्हणजे काहिलीत एकदा उकळलेला रस). म्हणजे १२ आधणं. प्रत्येक आधणातले ३ रवे, म्हणजे ३६. प्रत्येक रव्याची ३ रीडिंग, म्हणजे १०८. एका पद्धतीला ५४. मी आलेखाखाली ऐटीत n (नमुन्यांची संख्या) = ५४ लिहिलंय.

पण हायड्रॉस रव्यात पडत नाही, काहिलीत पडतो. एका काहिलीतला पाक वाफ्यात ओतला, गार झाला, त्याचे रवे भरले. तिन्ही रवे एकाच रसाचे, एकाच उसाचे, एकाच जाळाचे. त्यांतला एक उजळ असेल तर बाकीचे दोघंही असणार. मी एकाच माणसाला तीनदा वजनकाट्यावर उभं करून तीन माणसं मोजली म्हणतेय.

मग खरे नमुने किती? एका पद्धतीची आधणं ६. म्हणजे n = ६.

प्रमाणत्रुटी काढताना विचलनाला n च्या वर्गमुळाने भागतात. ५४ ऐवजी ६ घेतले की, विचलन तेवढंच धरलं तरी, दांडी बरोबर तिप्पट होते. ठिपक्यात लपलेल्या दांड्या का लपल्या होत्या ते कळलं.

रात्री मॅडमना मेसेज टाकला. उत्तर आलं, 'हम्म. उद्या या.'

४ जुलै
मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, 'मीही तुझा आलेख बघून खूष झाले होते.' संख्याशास्त्राच्या सरांकडे पाठवलं.

सरांनी टेबलावर पेनाचं टोपण ठेवलं. 'ही काहील. औषध कशात टाकलं?' काहिलीत. 'मग मोजायचं काय?' काहिली. संपलं. मग त्यांनी सांगितलं की ह्या चुकीला नाव आहे, स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे आभासी पुनरावृत्ती. हर्लबर्ट नावाच्या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये ते रूढ केलं. त्याने प्रयोगांचे १७६ अहवाल तपासले. ज्यांनी अनुमानाचं संख्याशास्त्र वापरलं होतं त्यांतल्या ४८ टक्क्यांत ही चूक सापडली. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असावं. वाटलं थोडं.

उपाय त्यांचा: प्रत्येक आधणाची सरासरी काढ, १२ आकडे होतील, त्यांच्यावरच चाचणी लाव, गुऱ्हाळ हा गट धर. मी मिश्र प्रतिमान नावाच्या अवघड पद्धतीबद्दल वाचून गेले होते, 'आर' ह्या संगणक प्रणालीत चालवूनही बघितलं होतं. सर म्हणाले, चालव की, पण रचना समतोल आहे, उत्तर तेच येईल. आणि हे वाचणाऱ्याला समजेल.

निघताना त्यांनी सहज विचारलं, 'दोन्ही पद्धतींची आधणं एकाच दिवशी केली होती ना?'

दोन गुऱ्हाळांत, हो. तिसऱ्यात, वहीप्रमाणे ग२ मध्ये, आदल्या दिवशी रानभेंडी आणि दुसऱ्या दिवशी हायड्रॉस.

८ जुलै
ग२ ला जाऊन आले. पावसाळ्यात गुऱ्हाळ म्हणजे ओसाड वाडा. चुलवाणात पाणी, चिपाडाच्या ढिगावर ताडपत्री, काहील पालथी घातलेली. गुळवे मामा (तिथे गूळ शिजवणारे) घरीच होते, ओसरीवर दावं वळत बसले होते. काकूंनी चहा दिला, गुळाचाच.

मामांना सगळं समजावून सांगायची तयारी करून गेले होते. गरज पडली नाही. 'एका आदणाचं तीन रवं म्हंजे एकाच म्हशीचं तीन तांबं दूध. तांब्यावर काय हाय?' मी चार दिवस आणि एक वर्गमूळ घालवलं होतं.

मग विचारलं, दोन दिवस ऊस एकाच फडातला होता का?

'फड एकच. पयल्या दिवशी लावणीचा. दुसऱ्या दिवशी बांधाकडचा खोडवा आला.'

मी नुसतीच बघत राहिले. 'तवा सांगितलं न्हाई व्हय?' नाही मामा. 'तू इचारलंच न्हाईस पोरी. तू नुसती घड्याळ बघून लिवत हुतीस.'

खरंच आहे. वहीत उकळीच्या वेळा आहेत, गोळी बघितली ती वेळ आहे, पाक उतरवतानाचं तापमान दशांशापर्यंत आहे. ऊस: 'को ९२००५'. जात लिहिली, लावण (नवी लागवड) की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला) ते नाही. खोडवा लवकर पिकतो. लावणीबरोबर एकाच वेळी तोडला तर तो पुढे गेलेला असू शकतो, आणि पिकून पुढे गेलेल्या उसात सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं. म्हणजेच रेड्युसिंग शुगर. म्हणजे माझ्या तीन चांदण्यांतली निदान एक खोडव्याची.

येताना बस पंचगंगेच्या पुलावरून आली. पाणी तांबडं. खिडकीकडे बघत होते, पण डोक्यात बांधाकडचा खोडवाच होता.

१० जुलै
मॅडम, सर आणि मी. पर्याय तीन: ग२ पूर्ण गाळायचं, ठेवायचं आणि गप्प बसायचं, किंवा ठेवून सांगायचं. दुसरा पर्याय कुणी बोललं नाही, पण खोलीत होता. मी तरी त्याच्याकडे दोनदा बघितलं.

ठरलं असं. मुख्य विश्लेषण ग१ आणि ग३ चं, म्हणजे ८ आधणं, पद्धतीमागे ४. ग२ सह केलेलं विश्लेषण पूरक तक्त्यात. आणि ग२ ला बाजूला का ठेवलं ते पद्धतींमध्ये स्पष्ट.

१८ जुलै
निकाल. रंगाचा फरक पहिल्या दिवशी ठळक आहे, ग२ धरा की न धरा. हायड्रॉसच्या गुळाचं काळवंडणंही टिकतंय. ओलाव्यात काही नाही, आधीही फारसं नव्हतं. रेड्युसिंग शुगरच्या चांदण्या गेल्या, p (फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर. 'फरक नाही' असं मात्र लिहायचं नाही, सरांनी बजावलंय. चार आधणांत फरक दिसला नाही, एवढंच म्हणता येतं.

शीर्षकातून रेड्युसिंग शुगर काढली. तीन पानांची चर्चा दीड पानावर आली. त्यातला एक परिच्छेद मला फार आवडायचा: रानभेंडीच्या चिकट द्रवात मळी कशी अडकते, वर कशी येते, आणि त्यामुळे साखर फुटणं कसं कमी होतं. शेवटच्या तुकड्याला आता आधार नाही. खोडला.

२६ जुलै
चार दिवस धो धो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. घरात सगळ्यांचं लक्ष त्या आकड्याकडे. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या गल्लीत कुणाला तो आकडा विचारावा लागत नाही. लॅपटॉप आणि दोन्ही वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर. मजकूर मेलवर आहेच, पण वह्या एकच आहेत.

घरी बसून आकृती १ बघत होते. नकाशा: कोल्हापूर जिल्हा आणि त्यावर तीन ठिपके, ग१, ग२, ग३. अक्षांश-रेखांशासह. फार मन लावून केलेला. आणि आज उमगलं की एका ठिपक्याच्या हायड्रॉसच्या आधणांत सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमच्या, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या, वर निघालाय. नकाशा आणि तक्ता शेजारी ठेवले की मालकाचं घर सापडेल. त्यांनी आम्हाला जागा दिली, चहा दिला, 'कॉलेजच्या पोरी' म्हणून रवे फुकट दिले. आम्ही तोंडी सांगितलं होतं, नावं कुठे येणार नाहीत. नाव नाही, पण अक्षांश आहे.

नकाशा काढला. 'करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील तीन गुऱ्हाळे' एवढंच ठेवलं.

७ ऑगस्ट
इंग्रजी मजकूर भाषा सुधारणाऱ्या साधनातून काढला. हे आता जाहीर करावं लागतं, केलं. त्याने बरीच वाक्यं सरळ केली आणि सगळ्या रव्यांचा सेमोलिना, म्हणजे शिऱ्याचा रवा, केला. 'प्रत्येक आधणातून तीन सेमोलिना घेण्यात आले.' शिवाय खोडव्याचं इंग्रजी नाव, रॅटून, त्याला टंकनदोष वाटला. तिथे त्याने उंदीर घातला. मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या लॅबमधून माणसं आली. त्यानंतर शब्दन्‌शब्द डोळ्यांनी वाचला.

१३ ऑगस्ट
साम्य तपासणी, म्हणजे मजकूर दुसऱ्या कशाशी किती जुळतो ते बघणं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत चालतं. आमचं त्याच्या आत आलं. बहुतेक साम्य पद्धतींत, आणि तेही माझ्याच पीएचडीच्या आराखड्याशी.

रानभेंडीला फुलं आली. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी मागेच सांगितलं होतं की फूल-फळ असल्याशिवाय नाव पक्कं करणार नाही. 'रानभेंडी' म्हणून लोक एकाहून अधिक झाडं दाखवतात. ज्या बांधावरून हंगामात खोडं आणली होती तिथलीच फांदी नेऊन दिली. वाळवून, कागदावर लावून, क्रमांक मिळेल. तोवर त्या ओळीत जागा सोडलीय.

२१ ऑगस्ट
लेखकांचा क्रम. मी, सर, मॅडम. सर नको म्हणत होते, 'मी टोपण ठेवलं फक्त.' मॅडमनी जर्नलचा १४ भूमिकांचा तक्ता पुढे केला: संकल्पना, विश्लेषण, लेखन वगैरे. विश्लेषणापुढे सरांशिवाय कुणाचंच नाव लिहिता येईना. तयार झाले.

आणखी एक नाव सुचवण्यात आलं, जे गृहस्थ काहिलीजवळ कधी फिरकलेले नाहीत. मॅडमनी तोच तक्ता पुढे सरकवला आणि म्हणाल्या, कुठली भूमिका लिहू सांगा. विषय तिथेच थांबला.

२८ ऑगस्ट
मामांना भेटले. पेपरच्या शेवटी आभारात त्यांचं नाव घालायचं माझ्या मनात फार होतं. ते खूषही झाले. पण नाव आलं की गुऱ्हाळ आलं. नकाशा काढून काय उपयोग मग? हे त्यांना सांगताना माझीच जीभ अडखळत होती. मालकांना विचारून येतो म्हणाले, आत गेले, फोनवर बोलले, बाहेर आले.

'नगं म्हणत्यात.'

मग मी काय लिहिलंय ते वाचून दाखवलं: 'करवीर तालुक्यातील एका अनुभवी गुळव्याचे आभार.'

'ह्यो कोण बी आसंल की.'

दोघंही गप्प. पत्र्यावर पाऊस. मग तेच म्हणाले, 'नाव ऱ्हाऊ दे. पर खोडव्याचं गुळव्यानं सांगितलं, ह्ये लिव्ह. तुमच्या मशिनला घावलं नव्हतं ते.'

लिहिलं. पद्धती, दुसरा परिच्छेद, शेवटचं वाक्य. ग२ च्या उसातील फरक 'गुळव्याने दिलेल्या माहितीवरून' लक्षात आला.

२ सप्टेंबर
हर्बेरियमचा (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचा) क्रमांक आला, रानभेंडीची ओळ भरली. सारांश लिहिला, मर्यादेत बसवायला अकरा वेळा कापला. संपादकांना पत्र. तीन परीक्षकांची नावं सुचवायची होती, आपल्या संस्थेबाहेरची, ज्यांच्याबरोबर कधी लिहिलेलं नाही अशी. गुळावर काम करणारी माणसं मोजकीच, आणि मॅडमनी त्यांतल्या निम्म्यांबरोबर लिहिलेलं. दुपार गेली.

रात्री ११.४० ला पाठवला.

३ सप्टेंबर
सकाळी ९ ला परत आला. आलेखांत गुऱ्हाळांची नावं मी मराठीत टाकली होती, ग१, ग३. त्यांच्या पीडीएफमध्ये तिथे रिकामे चौकोन. इंग्रजी जी घालून पुन्हा काढले, ३०० डीपीआय, पुन्हा चढवले. दुपारी क्रमांक मिळाला. स्थिती: संपादकांकडे.

मॅडमनी पेढे नाही, काकवी आणली.

५ सप्टेंबर
पुढच्या हंगामासाठी, विसरायच्या आत:

दिवाळी पाडव्यानंतर मामांना फोन. ग२ ला चार आधणं, दोन्ही पद्धती एकाच दिवशी, एकाच फडाच्या एकाच बाजूचा ऊस. कोणती आधी ते नाणं उडवून.
वहीत नवा रकाना: लावण / खोडवा.
मालकांसाठी लेखी संमतीचा मराठी कागद. आधी वाचून दाखवायचा, मग सही.
डीएनएसच्या बाटलीचं लेबल बदलणे. (आजच केलं.)